क्लबच्या रेगाटात गुण जातात कुठे: शिडाच्या नौकांच्या शर्यतीचा क्रम, नियम आणि नेहमीच्या चुका

क्लबच्या शर्यतीचा निकाल फळ्यावर लागला की काही नौकांपुढे क्रमांकाऐवजी अक्षरं दिसतात: ओसीएस (सुरुवातीची रेष आधीच ओलांडली), यूएफडी ('यू' बावट्याखाली बाद), डीएसक्यू (बाद). यांतल्या बहुतेकांची नौका काही हळू नव्हती. कुणी बावटा वाचला नाही. कुणी बोयाला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, घासला आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल म्हणून तसाच पुढे गेला. कुणाला प्रोटेस्ट, म्हणजे नियम मोडणाऱ्या नौकेविरुद्ध रीतसर तक्रार, करायची आठवण झाली ती किनाऱ्यावर शिडं गुंडाळताना. नियम ऐकून सगळ्यांना माहीत असतात, चुकतो तो क्रम आणि वेळ. म्हणून इथे शर्यतीच्या दिवसाच्या क्रमानेच जाऊ.

खालचे नियम वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२५ ते २०२८ या आवृत्तीचे आहेत. नियमावली दर चार वर्षांनी बदलते. क्लबमधल्या जुन्या मंडळींनी पाठ केलेला एखादा नियम आता तसा उरलेला नसतो, त्यामुळे वाद घालण्यापूर्वी चालू आवृत्ती उघडून पाहा.

## टप्पा १: किनाऱ्यावर, दोन कागद आणि एक पिशवी

१. शर्यतीची सूचना आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, दोन्ही वाचा. पहिल्या कागदात कुणाला भाग घेता येईल, किती शर्यती होतील, कुठले नियम लागू आहेत हे असतं. दुसऱ्यात पाण्यावर लागणारं सगळं असतं. त्यातून निदान एवढं वेगळं लिहून काढा: तुमच्या वर्गाचा (नौकेच्या प्रकाराचा) बावटा कोणता, बोयांचा क्रम काय, प्रत्येक बोया कोणत्या बाजूला ठेवायचा, वेळमर्यादा किती, प्रोटेस्टची मुदत कधी संपते, आणि दंडाच्या फेऱ्यांत (चूक केल्यावर नौका गोल फिरवायची असते) काही बदल केला आहे का. काही क्लब दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरी पुरेशी धरतात. कागदावर तसं लिहिलेलं नसेल तर दोनच.

२. मार्गाचा आराखडा नौकेवर न्या. पाण्यात न भिजणाऱ्या टेपवर मार्करने बोयांचा क्रम लिहा आणि सुकाणूवाल्याला दिसेल अशा जागी चिकटवा. 'पुढचा गेला तसं जाऊ' या भरवशावर रांगेने चुकीच्या बोयाला वळलेले ताफे काही कमी नाहीत.

३. सूचनाफलक दोनदा पाहा, आल्यावर एकदा आणि पाण्यात उतरण्याआधी एकदा. किनाऱ्यावर 'एल' बावटा चढला असेल तर फलकावर नवी सूचना लागली आहे.

४. सामान तपासा. प्रत्येकासाठी तरंगजाकीट, उलटी मोजणी होणारं घड्याळ, सुरी, टेप, जादा शॅकल आणि पिना, ओढून नेण्यासाठी दोरी, पाणी उपसायचं भांडं. नौकेचा हल, म्हणजे सांगाडा, ६ मीटर किंवा त्याहून लांब असेल तर प्रोटेस्टसाठी लाल बावटाही हवा, आणि तो एका झटक्यात हाती येईल असा बांधलेला हवा.

सावधान: वेटसूट किंवा ड्रायसूट म्हणजे तरंगजाकीट नव्हे. 'वाय' बावटा दिसला की जाकीट अंगावर असलंच पाहिजे.

तपासणी: पाणी काढायच्या भोकाची बुचं लावली आहेत का? हसू नका, ही चूक अनुभवी लोकच जास्त करतात.

## टप्पा २: सुरुवातीच्या रेषेपाशी, पहिल्या इशाऱ्याआधी

निदान ३० ते ४० मिनिटं आधी रेषेपाशी असा. क्रम असा ठेवा.

१. वाऱ्याचे अंश टिपा. वाऱ्याला चिकटून, म्हणजे शिडं भरलेली ठेवून वाऱ्याच्या दिशेने जितकं जाता येईल तितकं, दोन्ही टॅकवर (वारा आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने घेत) काही मिनिटं जा आणि होकायंत्रावरचे आकडे लिहा. दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा पाहा, म्हणजे वारा एका बाजूला सरकतोय की मागेपुढे झुलतोय हे कळतं.

२. रेषेचं कुठलं टोक पुढे आहे ते काढा. रेषेच्या मध्यावर नौका थेट वाऱ्यात उभी करा. शिडं फडफडू लागली की नाळ (नौकेचं पुढचं टोक) रेषेच्या ज्या टोकाकडे जास्त झुकलेली दिसेल, ते टोक वाऱ्याला जवळ. रेष १०० मीटर लांब आणि वाऱ्याशी १० अंशांनी तिरकी असेल, तर दोन टोकांत वाऱ्याच्या दिशेने सुमारे १७ मीटरचा फरक पडतो. ५ अंशांनीही जवळपास ९ मीटर.

३. रेषेची खूण धरा. रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन दुसऱ्या टोकाकडे पाहा आणि त्याच्या मागे किनाऱ्यावर सरळ रेषेत येणारी एक पक्की गोष्ट हेरून ठेवा, झाड, खांब, घराचा कोपरा, काहीही. ही खूण नसेल तर रेषेच्या मध्यावरचे लोक घाबरून मागेच राहतात. तिथे रेष खऱ्यापेक्षा जवळ असल्याचा भास होतो, आणि खूण असलेल्याला मोकळी जागा मिळते.

४. प्रवाह पाहा. नांगरलेल्या बोयाच्या बाजूने पाणी कुठे वाहतंय ते बघा. प्रवाह रेषेवरून पुढे ढकलत असेल तर लवकर ओलांडण्याचा धोका, मागे रेटत असेल तर उशिराचा.

## टप्पा ३: पाच मिनिटांची मोजणी

१. पाच मिनिटं बाकी: वर्गाचा बावटा चढतो, एक आवाज. घड्याळ सुरू.

२. चार मिनिटं बाकी: तयारीचा बावटा चढतो, एक आवाज. 'पी', 'आय', 'झेड', 'यू' किंवा काळा यांपैकी एक असतो, कधी 'झेड' आणि 'आय' दोन्ही.

३. एक मिनिट बाकी: तयारीचा बावटा उतरतो, एक लांब आवाज.

४. सुरुवात: वर्गाचा बावटा उतरतो, एक आवाज.

वेळ धरायची ती बावट्यावरून. भोंगा उशिरा वाजला किंवा वाजलाच नाही तरी वेळ बदलत नाही. आवाजाला दूरवर पोचायला वेळ लागतो, शिवाय वाऱ्यात तो हरवतोही. घड्याळ पाचला लावलं तरी चारला आणि एकला पुन्हा जुळवून घ्या.

नियमांच्या दृष्टीने शर्यत चार मिनिटांच्या इशाऱ्यालाच सुरू होते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही. त्या क्षणापासून इंजिन बंद हवं आणि सुरुवातीच्या बोयाला स्पर्श झाला तर दंडाची एक फेरी घ्यावी लागते. शर्यत अजून सुरूच कुठे झाली होती, हा बचाव चालत नाही.

आता तयारीचे बावटे. शेवटच्या एका मिनिटात काय चालेल आणि काय नाही, ते यांवर ठरतं.

- 'पी', निळ्यात पांढरा चौकोन: खास बंधन नाही. रेषेपुढे गेलात तर सुरुवातीच्या आत मागे या.
- 'आय', पिवळ्यात काळा गोल: शेवटच्या मिनिटात हलचा कुठलाही भाग रेषेपुढे गेला, तर रेषेच्या टोकाबाहेरून वळसा घालून मागे यावं लागतं. नुसतं रेषेवरून मागे सरकून भागत नाही.
- 'झेड': शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला बोया यांच्या त्रिकोणात सापडलात तर २० टक्के गुणदंड.
- 'यू', लाल-पांढरे चार चौकोन: त्याच त्रिकोणात सापडलात तर सुनावणीशिवाय बाद. सुरुवात पुन्हा झाली तर मात्र भाग घेता येतो.
- काळा: तसंच बाद, आणि सुरुवात पुन्हा झाली तरी त्या शर्यतीत उतरता येत नाही.

तपासणी: चार मिनिटांच्या इशाऱ्याला दलातल्या एकाने बावट्याचं नाव मोठ्याने म्हणावं, बाकीच्यांनी तेच परत म्हणावं. एवढ्यानेही अर्धे यूएफडी टळतील.

पट्ट्यापट्ट्यांचा लाल-पांढरा 'एपी' बावटा दोन आवाजांसह चढला तर सुरुवात पुढे ढकलली आहे. तो एका आवाजासह उतरला की बरोबर एका मिनिटाने पाच मिनिटांचा इशारा येतो. वारा नाही म्हणून गप्पा मारत लांब वाहून गेलेल्यांना हे एक मिनिट पुरत नाही.

## टप्पा ४: रेष ओलांडताना

वेग आणि अंतर यांचा हिशेब आधी करून ठेवा. ४ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण २ मीटर. १० सेकंद उरले असताना रेषेपासून २० मीटरवर पूर्ण वेगात असाल तर वेळेवर पोचाल. पण थांबलेल्या नौकेला वेग धरायलाच काही सेकंद लागतात. ते सेकंद तुमच्या नौकेत किती, हे इशाऱ्याआधी दोन-तीनदा करून मोजा.

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे शर्यत चालवणाऱ्या कमिटीच्या नौकेच्या टोकाला घुसणं. वाऱ्यावरच्या बाजूने तिरकं येऊन कमिटीची नौका आणि खालची, म्हणजे वारा जिकडे वाहतोय त्या बाजूची, नौका यांच्या फटीत शिरायचं आणि 'जागा द्या' म्हणून ओरडायचं. बोयाच्या जागेचा नियम सुरुवातीला तिथे लागूच होत नाही. खालच्या नौकेला वाट देण्याची जबाबदारी वाऱ्यावरच्या नौकेवर आहे, आणि खालच्याने फट बंद केली तर तो त्याचा हक्क. सुरुवातीच्या इशाऱ्याआधी खालची नौका थेट वाऱ्याच्या रेषेपर्यंतही वर चढू शकते, फक्त वरच्याला दूर व्हायला जागा आणि वेळ मिळेल अशा बेताने.

रेष आधी ओलांडली गेली तर दोन गोष्टी होऊ शकतात.

'एक्स' बावटा, एक आवाज: काही मोजक्या नौका आधी गेल्या आहेत. तुमचा नंबर पुकारला जाईलच असं नाही, आणि पुकारला नाही ही तक्रारही टिकत नाही. संशय असेल तर परत या. हा बावटा फार तर चार मिनिटं राहतो, आणि आधी गेलेल्या सगळ्या नौका परत आल्या तर त्याआधीच उतरतो. परत येताना बाकी सगळ्यांना वाट द्यावी लागते. हल पूर्णपणे रेषेमागे आला पाहिजे, नुसती नाळ मागे घेऊन वळलात तर ओसीएस कायम राहतं.

पहिला सब्स्टिट्यूट बावटा, दोन आवाज: सगळ्यांची सुरुवात रद्द. तो उतरल्यावर एका मिनिटाने नव्याने मोजणी.

२०२१ पासून सुरुवात आणि शेवट दोन्ही फक्त हलवरून धरतात. पुढे झुकलेला दलातला माणूस किंवा फुगलेला स्पिनेकर (पुढचं फुग्यासारखं शीड) रेषेपलीकडे गेला म्हणून काही ठरत नाही.

## टप्पा ५: वाट कुणाची

वारा उजवीकडून आणि बूम (मुख्य शिडाच्या खालचा आडवा दांडा) डावीकडे, तर तुम्ही स्टारबोर्ड टॅकवर. उलट असेल तर पोर्ट टॅकवर. मूळ नियम चार:

१. नियम १०: दोन नौका वेगवेगळ्या टॅकवर असतील तर पोर्टवाल्याने दूर राहायचं.

२. नियम ११: एकाच टॅकवर आणि शेजारी-शेजारी, म्हणजे ओव्हरलॅपमध्ये असतील तर वाऱ्याकडच्याने दूर राहायचं.

३. नियम १२: एकाच टॅकवर मागेपुढे असतील तर मागच्याने दूर राहायचं.

४. नियम १३: टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून टॅक बदलताना, ती वाऱ्याच्या रेषेपलीकडे गेली की वाऱ्याला चिकटून नव्या मार्गावर येईपर्यंत इतरांपासून दूर राहायचं.

हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं मात्र विसरलं जातं. हक्क असलेल्या नौकेवरही बंधनं आहेत. स्वतःच्या हालचालीने नव्याने हक्क मिळवला तर समोरच्याला दूर व्हायला सुरुवातीला जागा द्यावी लागते. हक्क असताना दिशा बदलली तरीही तसंच. 'स्टारबोर्ड!' ओरडून शेवटच्या क्षणी पोर्टवाल्याकडे वळलात तर चूक तुमची. टक्कर टाळता येत असेल तर ती टाळण्याची जबाबदारी हक्कवाल्यावरही असते. समोरचा दूर होणार नाही हे स्पष्ट होईपर्यंत थांबण्याची मुभा आहे, इतकंच.

मागून येऊन दोन हल-लांबींच्या आत कुणाच्या वाऱ्याखाली ओव्हरलॅप केला असेल, तर तो टिकेपर्यंत तुमच्या योग्य मार्गाहून (ती नौका नसती तर लवकर पोचायला धरला असता तो) वर, म्हणजे वाऱ्याकडे, चढता येत नाही.

## टप्पा ६: बोयाभोवती

प्रोटेस्ट सगळ्यात जास्त इथे होतात, कारण तिथे पोचेपर्यंत कुणी विचारच केलेला नसतो. बोयाभोवती तीन हल-लांबींचं वर्तुळ, म्हणजे झोन. ४ मीटरच्या नौकेला तो १२ मीटर, आणि ४ नॉट वेगाने ते अंतर कापायला सहा सेकंद. सहा सेकंदांत वाद घालून निकाल लागत नाही, म्हणून झोनच्या बऱ्याच आधी बोलून घ्या.

१. झोनच्या दारात चित्र गोठवा. दोघांपैकी पहिली नौका झोनला पोचली त्या क्षणी ओव्हरलॅप असेल, तर बाहेरच्याने आतल्याला बोयापाशी जागा द्यायची. ओव्हरलॅप नसेल, तर मागच्याने पुढच्याला. नंतर ओव्हरलॅप तुटला किंवा नवा झाला तरी हे बदलत नाही.

२. शंका असेल तर आधीचीच स्थिती धरा. ओव्हरलॅप वेळेत झाला की नाही हे ठरत नसेल तर तो झालाच नाही असं मानतात. तो वेळेत तुटला का, याबाबतही तसंच.

३. जागा म्हणजे गरजेपुरती जागा. बोया नीट वळण्यापुरतीच ती मिळते. लांबून वळसा घेऊन बोयाला घासून बाहेर पडण्याची ऐसपैस जागा तुम्हाला वाटेचाही हक्क असेल तरच घेता येते.

४. जागेचा हक्क संपतो कधी हे लक्षात ठेवा. हक्क असलेली नौका वाऱ्याच्या रेषेपलीकडे वळली किंवा झोनबाहेर गेली की संपला.

वाऱ्याकडच्या बोयाची गोष्ट वेगळी. वाऱ्याविरुद्ध चढताना वेगवेगळ्या टॅकवरच्या दोन नौकांत बोयाच्या जागेचा नियम लागत नाही. तिथे साधा पोर्ट-स्टारबोर्ड. बोया डावीकडे ठेवायचा असेल आणि तुम्ही पोर्टवर येऊन झोनच्या आत टॅक घेतलात, तर झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवर असलेल्या नौकेला तुमच्यामुळे वाऱ्याकडे जास्त वळावं लागता कामा नये. ती तुमच्या आत शिरली तर तिला जागाही द्यावी लागते. रांग लावून येणाऱ्या स्टारबोर्ड नौकांच्या फटीत पोर्टवरून घुसणं म्हणून बहुधा अंगाशी येतं. गर्दी असेल तर झोनच्या बरंच बाहेर स्टारबोर्ड टॅक धरा. चार-सहा मीटर जास्त जातील, पण दोन फेऱ्या वाचतील.

तपासणी: मार्ग बरोबर झाला का हे पाहायचा सोपा विचार: तुमच्या वाटेवर एक दोरा टाकला आणि ताणला, तर तो प्रत्येक बोयाला ठरलेल्या बाजूने स्पर्श केला पाहिजे. बोया चुकीच्या बाजूने घेतला असेल तर दोरा उलगडेल असं मागे जा, मग बरोबर बाजूने या.

वाटेत दिसू शकणारे बावटे: निळ्या चौकोनाचा 'एस', दोन आवाज, म्हणजे मार्ग कमी केला. निळा-पांढरा चौकटींचा 'एन', तीन आवाज, म्हणजे शर्यत रद्द. 'सी' म्हणजे पुढच्या बोयाची जागा बदलली, 'एम' म्हणजे हरवलेल्या बोयाच्या जागी दुसरं काहीतरी ठेवलंय.

## टप्पा ७: चूक झाली, आता फेरी

बोयाला स्पर्श झाला तर एक फेरी: एक टॅक, एक जाइब (जाइब म्हणजे नौकेचा मागचा भाग वाऱ्यातून फिरवणं). दुसऱ्या नौकेशी वाटेचा नियम मोडला तर दोन फेऱ्या: एकाच दिशेने फिरत दोन टॅक, दोन जाइब. एकाच प्रसंगात दोन्ही झालं तर दोन फेऱ्यांत सगळं भागतं.

१. ताबडतोब इतरांपासून बाजूला व्हा.

२. बाजूला झाल्याबरोबर, विनाविलंब फेऱ्या घ्या.

३. फेऱ्या घेताना सगळ्यांना वाट द्या. तुमचा कुठलाच हक्क त्या वेळी चालत नाही.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, 'पुढच्या बोयानंतर घेऊ', ती फेरी धरली जात नाही. दुसरी, एक फेरी डावीकडे आणि एक उजवीकडे. तिसरी, गर्दीच्या मधोमध फिरू लागणं, त्यातून नवा गुन्हा.

दुखापत किंवा मोठं नुकसान केलं असेल, किंवा चुकीतून मोठा फायदा झाला असेल, तर फेऱ्या पुरत नाहीत. शर्यत सोडायची. दुसऱ्याने नियम मोडून तुम्हाला बोयावर ढकललं असेल तर तुमच्यावर दंड नाही, पण मग त्याच्यावर प्रोटेस्ट करायला विसरू नका.

हिशेब पाहा. जितका क्रमांक तितके गुण, म्हणून कमी गुण चांगले. २४ नौका नोंदल्या असतील तर बाद होण्याचे गुण २५. दोन फेऱ्यांत तीन-चार जागा गेल्या तरी सौदा स्वस्त आहे.

## टप्पा ८: शेवट

हलचा कुठलाही भाग मार्गाच्या बाजूने रेषेवर आला की शर्यत पूर्ण. रेष पूर्ण पार करायलाच हवी असं नाही, पण रेषेपासून आणि तिच्या बोयांपासून सुटेपर्यंत तुम्ही शर्यतीतच असता. ओलांडल्यावर शेवटच्या बोयाला घासलात तर फेरी घ्या, हल पूर्ण मार्गाच्या बाजूला न्या आणि पुन्हा ओलांडा. मग इतरांच्या वाटेतून लांब व्हा. मध्येच सोडून किनाऱ्याला जाणार असाल तर कमिटीला कळवा, नाहीतर अंधार पडेपर्यंत लोक तुम्हाला शोधत बसतात.

## टप्पा ९: प्रोटेस्ट

१. 'प्रोटेस्ट' हाच शब्द पहिल्या वाजवी संधीला समोरच्याला ऐकू जाईल असा म्हणा. 'फेरी घे', 'हे चालणार नाही' यांनी भागत नाही.

२. हल ६ मीटर किंवा जास्त असेल तर लाल बावटाही त्याच वेळी लावा आणि शर्यत संपेपर्यंत ठेवा.

३. साक्षीदार कोण आहेत ते बघून ठेवा. किनाऱ्यावर येताच कागदावर चित्र काढा: वारा, प्रवाह, वेग, अंतरं हल-लांबींत.

४. अर्ज मुदतीत लेखी द्या. इन्स्ट्रक्शन्समध्ये मुदत नसेल तर शेवटच्या नौकेनंतर दोन तास.

सुनावणीत पहिला प्रश्न प्रोटेस्ट वैध आहे का हाच असतो. तो शब्द कधी म्हटला, बावटा कधी लावला. इथेच बरेच अर्ज गळतात. वाटेच्या नियमांबद्दल असेल तर प्रसंगाच्या वेळी नौकेवर असलेल्यानेच बाजू मांडावी लागते. बोलताना मतं नकोत, क्रम सांगा: 'आम्ही वाऱ्याला चिकटून स्टारबोर्डवर, तो पोर्टवर, चार हल-लांबींवर आम्ही हाक मारली, दोनवर आम्ही वळलो, आमची नाळ त्याच्या मागच्या टोकापासून अर्ध्या लांबीवरून गेली.'

चूक कमिटीची असेल, म्हणजे बावटा चुकीचा किंवा नोंद चुकीची, तर प्रोटेस्ट नव्हे, भरपाईचा अर्ज. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुमचा निकाल लक्षणीय बिघडला, आणि त्यात तुमची स्वतःची चूक नव्हती. 'आम्ही रेषेमागेच होतो' एवढ्या बोलण्यावर ओसीएस सहसा हटत नाही.